सुरतेची लष्करी मालगाडी : प्रदर्शनासाठी प्रतिकृती कशी करावी

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ साल आठवते. त्या वर्षीच्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० मध्ये शिवाजी महाराजांचे सैन्य सुरतेवर चालून गेले. ते घोड्यावरून आले आणि घोड्यावरूनच परत गेले. मोहिमेचे सारे यश वेगात होते, आणि वेग राखायचा म्हणजे ओझे हलके ठेवायचे, हा त्या काळचा हिशेब होता.

त्याच सुरतेजवळ, तापीच्या मुखाशी असलेल्या हजिरा येथे जानेवारी २०१९ मध्ये चिलखती वाहनांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. 'के-९ वज्र' ही आपल्याच पट्ट्यांवर चालणारी १५५ मिलिमीटर व्यासाची तोफ तेथे तयार होऊ लागली. पहिल्या मागणीतील शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराकडे रवाना झाली. अशा एका तोफेचे वजन सुमारे ५० टन भरते. हे धूड शेकडो मैल दूरच्या सरहद्दीवर न्यायचे, तर त्याला वाहून नेणारी व्यवस्थाही तेवढीच भक्कम हवी. तोफ पट्ट्यांवर चालते हे खरे. पण एवढे अंतर तिला चालवीत नेले तर पट्टे झिजतील, रस्ते फुटतील आणि तेलाचा खर्च आवाक्याबाहेर जाईल. म्हणून जगातील सर्व मोठ्या सैन्यांनी अवजड सामग्रीच्या लांबच्या वाहतुकीसाठी रेल्वेचा आधार घेतला आहे.

महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत चालत्या रेल्वेची प्रतिकृती नेहमी गर्दी खेचते. तिला लष्करी विषयाची जोड दिली तर गर्दी आणखी वाढते. परंतु बहुतेक ठिकाणी दिसते ते असे : गोल रुळांवर खेळण्यातली गाडी भरधाव फिरते आहे, वाघिणीपेक्षा मोठा रणगाडा तिच्यावर ठेवला आहे, बाजूला प्लास्टिकचे शिपाई उभे आहेत आणि डोंगरामागे लाल दिवा लुकलुकतो आहे. पाहणारा 'छान आहे' म्हणून पुढे जातो. लष्कराला रेल्वे का लागते आणि रेल्वेला लष्करी माल नेताना कोणती अडचण येते, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला मिळत नाहीत. ती देणारी प्रतिकृती थोड्या खर्चात कशी करता येईल, ते या लेखात पाहू.

विषय आधी, रूळ नंतर

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या वाचकांना परिचित आहे. या रेजिमेंटच्या पूर्वीच्या पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुणे डिव्हिजनबरोबर लढत होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कूट या गावी हे सैन्य वेढले गेले. मदतीला निघालेल्या फौजेची सारी रसद तैग्रिस नदीतून बोटींनी येत होती. बोटी अपुऱ्या होत्या आणि रेल्वे नव्हती. वेढा फुटला नाही. आतल्या सैनिकांचा शिधा कमी कमी होत गेला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोकांनी उपासमारीने शरणागती पत्करली. हिंदुस्थानातून रूळ, इंजिने आणि वाघिणी नेऊन त्या मुलखात मोठ्या प्रमाणावर लोहमार्ग घालण्यात आले ते त्यानंतर. शौर्यात ते सैनिक उणे नव्हते. उणी होती ती धान्य आणि दारूगोळा पोहोचवणारी वाट.

दुसरे उदाहरण आपल्या सरहद्दीवरचे आहे. १९६५ च्या युद्धात राजस्थानातील बाडमेर ते मुनाबाव हा मीटरगेज मार्ग पश्चिमेकडील आघाडीचा आधार होता. ९ सप्टेंबर १९६५ रोजी गडरा रोडजवळ शत्रूच्या विमानांनी केलेल्या हल्ल्यात रेल्वेचे १७ कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यांच्या हाती बंदुका नव्हत्या. आघाडीला रसद पोहोचवणारा मार्ग चालू ठेवणे हे त्यांचे काम होते. तेथे त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी त्यांना श्रद्धांजली वाहिली जाते.

ही दोन उदाहरणे लक्षात घेतली म्हणजे आपल्या प्रतिकृतीचा विषय ठरतो. लष्करी गाडीत लोकांची नजर तोफेवर जाते. पण प्रतिकृतीने दाखवायची ती वाघीण, तिचे माप आणि तिच्यातला माल.

कोणते प्रमाण घ्यावे?

प्रतिकृतीचे प्रमाण म्हणजे मूळ वस्तू आणि तिची लहान आकृती यांच्या मापांतील गुणोत्तर. जगात सर्वात प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे आहे. त्यासाठी तयार मिळणाऱ्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले, तेथील गाड्या याच प्रमाणाच्या आहेत. कायमचे संग्रहालय होण्यापूर्वी जोशी आपला संच प्रदर्शनांतून मांडत असत. ज्यांना हे काम हाती घ्यायचे आहे त्यांनी ते संग्रहालय एकदा अवश्य पाहावे.

परंतु १:८७ या प्रमाणात आपल्याला एक अडचण आहे. हे रूळ युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटर गेजसाठी आखलेले आहेत. १४३५ ला ८७ ने भागले की १६.५ येतात. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले तर १९.३ येतात. म्हणजे तयार रुळांवर आपली गाडी ठेवली की ती जवळजवळ ३ मिलिमीटर अरुंद पायावर उभी राहते आणि डोके जड, पाय बारीक अशी दिसते.

यावर सोपा उपाय असा : रूळ बदलू नयेत, प्रमाण बदलावे. १६७६ ला १०० ने भागले तर १६.७६ येतात. तयार रुळांचे १६.५ आणि हे १६.७६ यांत केवळ पाव मिलिमीटरचा फरक आहे. तेव्हा इंजिनाची चाके आणि मोटर तयार घ्यावी, आणि इंजिन व वाघिणी यांची शरीरे १:१०० या प्रमाणात पुठ्ठ्याची करावीत. याचा दुसरा लाभ असा, की सारे गणित तोंडी होते. मूळचा एक मीटर म्हणजे प्रतिकृतीतील एक सेंटिमीटर. १७ मीटरचे डिझेल इंजिन १७ सेंटिमीटरचे. साडेचौदा मीटरची वाघीण साडेचौदा सेंटिमीटरची. पाहणाऱ्यालाही पट्टी हातात घेऊन पडताळा घेता येतो.

रुंदीचा प्रश्न

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्या ब्रॉडगेजवर धावणाऱ्या गाडीची रुंदी ३.२५ मीटरच्या आत असावी असा दंडक आहे. वज्र तोफेची रुंदी ३.४ मीटर आहे. फरक १५ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात सेंटिमीटर. प्रतिकृतीत हा फरक प्रत्येक बाजूला पाऊण मिलिमीटर इतकाच येतो.

पाऊण मिलिमीटरला काय महत्त्व, असे कोणी म्हणेल. फलाटाचे उदाहरण घ्या. उंच फलाटाची कड रुळांच्या मध्यापासून १.६७ मीटरवर असते. तोफेची अर्धी रुंदी १.७ मीटर आहे. म्हणजे तोफ फलाटाच्या कडेवर ३ सेंटिमीटर येते. सपाट वाघिणीचा तळ रुळांपासून साधारण सव्वा मीटर उंच आणि फलाटाची उंची जास्तीत जास्त ८४ सेंटिमीटर, त्यामुळे पट्टे फलाटाला न घासता वरून जातात. पण फलाटावर कडेशी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते धोक्याचे आहे. जुन्या दुहेरी मार्गांवर दोन रुळांच्या मध्यांतील किमान अंतर ४.२६५ मीटर ठेवलेले असे. नव्या कामांत ते ५.३ मीटर ठेवतात. दोन साध्या गाड्या जुन्या मार्गावर समोरासमोर आल्या तर त्यांच्यामध्ये सुमारे एक मीटर जागा उरते. एका गाडीवर तोफ असेल तर ती ९४ सेंटिमीटर होते, आणि वळणावर त्याहूनही कमी होते.

म्हणून असा 'मापाबाहेरचा माल' न्यायचा असेल तर रेल्वेची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. मार्गावरील पूल, बोगदे, फलाट आणि सिग्नलचे खांब यांची मापे तपासली जातात, आणि आवश्यक तेथे वेगावर मर्यादा घातली जाते.

वजनाचे काय? सपाट वाघिणीचे स्वतःचे वजन २४ टन धरले आणि त्यात तोफेचे ५० टन मिळवले तर बेरीज ७४ टन होते. वाघिणीला चार आस असतात. प्रत्येकावर साडेअठरा टन येतात. आपल्या मार्गांवर २०.३२ टनांचा आस चालतो. म्हणजे पन्नास टनांचे वजन रेल्वे सहज पेलते; तिला विचार करायला लावतात ते १५ सेंटिमीटर. सर्वसामान्य समजुतीच्या अगदी उलट असलेली ही गोष्ट प्रेक्षकाला पटवून देता आली तर प्रदर्शनाचे निम्मे काम झाले.

ती पटवण्यासाठी जाड पुठ्ठ्याची एक चौकट कापावी. तिची आतली रुंदी बरोबर ३२.५ मिलिमीटर ठेवावी. बंद वाघिणी, इंजिन आणि गार्डचा डबा यांवरून ती सरकत जाईल, तोफेपाशी अडेल. चौकट प्रेक्षकांच्याच हाती द्यावी. मात्र समजावून सांगणाऱ्या विद्यार्थ्याने एक खुलासा करावा. चौकट अडली याचा अर्थ तोफ खऱ्या पुलावर आदळेल असा नव्हे, कारण बांधकामे गाडीच्या मापापेक्षा काही अंतर सोडूनच केलेली असतात. चौकट अडली याचा अर्थ येथून पुढे नेहमीच्या नियमाने जाता येणार नाही, प्रत्येक ठिकाण मोजून जावे लागेल.

मांडणी

मांडणीसाठी चार फूट लांब-रुंद असे प्लायवुडचे दोन तुकडे घ्यावेत आणि ते बोल्टने जोडावेत. आठ फुटी अखंड फळी दारातून आणि जिन्यावरून नेताना जो त्रास होतो तो यामुळे वाचतो. जोडावर रूळ नेमके एका रेषेत यावेत म्हणून दोन खुंट्या बसवाव्यात.

फळीवर मागच्या बाजूला एक लांबट वर्तुळाकार मार्ग घालावा. समोरच्या कडेशी, त्या मार्गाबाहेर, सांध्यावरून फुटणारी सुमारे दोन मीटर लांबीची सरळ साइडिंग घालावी. तिच्या टोकाला साडेबारा मिलिमीटर उंचीचा उतरता धक्का करावा. लष्करी वाहने अशा धक्क्यावरून वाघिणीच्या टोकाकडून चढतात आणि एका वाघिणीवरून पुढच्या वाघिणीवर जातात. धक्क्यावर एक तोफ चढण्याच्या बेतात, एक वाघिणीवर आणि दोन जखडून झालेल्या, असे ठेवले म्हणजे कामाचा क्रम दिसतो. जखडण्यासाठी काळा दोरा साखळी म्हणून वापरावा आणि पट्ट्यांखाली आगकाडीच्या पाचरी ठोकाव्यात.

तयार मिळणारी वळणे साधारण ४४ सेंटिमीटर त्रिज्येची असतात. खऱ्या मापात हे ४४ मीटर झाले. आपल्या ब्रॉडगेजवर तीव्रातले तीव्र वळणही सुमारे १७५ मीटर त्रिज्येचे असते. एवढ्या तीव्र वळणावर लांब वाघिणीचा मधला भाग आतल्या बाजूला किती सरकतो, हे जीवेच्या सूत्राने काढता येते. बोगींच्या मध्यांतील अंतराचा वर्ग करावा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागावे. अंतर १०० मिलिमीटर आणि त्रिज्या ४४० मिलिमीटर घेतली तर उत्तर २.८ मिलिमीटर येते. त्रिज्या १७५० घेतली तर केवळ ०.७ येते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ही तीव्र वळणे डोंगराआड किंवा देखाव्यामागे लपवावीत, कारण ती खरी नाहीत. दोन, त्या डोंगरातील बोगद्याला रुळांच्या मध्यापासून प्रत्येक बाजूला निदान २५ मिलिमीटर जागा ठेवावी. नाहीतर उद्घाटनाच्या दिवशीच तोफ अडकून गाडी घसरेल.

देखावा सुरतेचा ठेवावा. या शहराला रेल्वेचा इतिहास आहे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला टप्पा १० फेब्रुवारी १८६० रोजी अंकलेश्वर ते उत्राण असा सुरू झाला. उत्राण हे तापीच्या उत्तर तीरावर, सुरतेच्या समोर आहे. सुरतेच्या दक्षिणेस उधना येथून नंदुरबार, अमळनेर करीत जळगावकडे जाणारा फाटा निघतो. खानदेशातील असंख्य कुटुंबे याच वाटेने सुरतेच्या कापड गिरण्यांत कामाला आली. मागच्या पडद्यावर तापीचे पात्र आणि पूल रंगवावा, समोर 'उधना' नावाची पाटी लावावी. साइडिंग आणि धक्का मात्र काल्पनिक आहेत असे फलकावर स्पष्ट लिहावे. कोणत्याही खऱ्या छावणीतील रुळांची रचना उतरवू नये आणि लष्करी गाड्यांची छायाचित्रे काढण्याच्या भरीस पडू नये. प्रसिद्ध झालेली मापे आपल्या कामाला पुरेशी आहेत. रणगाडे जवळून पाहायचे असतील तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालयात ते पाहायला मिळतात.

रुळांखालच्या खडीसाठी बारीक चाळलेली वाळू वापरावी. खरी खडी ५० मिलिमीटरची असते, ती आपल्याकडे अर्ध्या मिलिमीटरची होईल. गवतासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा चालतो. वीज बारा व्होल्टची, एकदिश असावी. ट्रान्सफॉर्मर बंद पेटीत, प्रेक्षकांपासून दूर ठेवावा. घरगुती विजेची उघडी तार फळीवर कोठेही नसावी.

वजन आणि वेग

लांबी शंभरपट कमी झाली की वजन किती कमी होते? शंभरपट नव्हे, शंभराच्या घनाइतके, म्हणजे दहा लाखपट. ५० टनांची तोफ प्रतिकृतीत ५० ग्रॅमची व्हावी. पुठ्ठ्याची तोफ यापेक्षा पुष्कळ हलकी होते. तिच्या पोटात लोखंडी छर्रे भरून तराजूवर ५० ग्रॅम करावेत. गाडी रुळांवर स्थिर चालते आणि घनाचा नियमही तळहातावर कळतो.

वेगाच्या बाबतीत बहुतेक प्रतिकृती चुकतात. मापाबाहेरच्या मालाला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा घातली आहे असे समजू. म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर, आणि प्रतिकृतीत ७ सेंटिमीटर. आठ फुटी फळी ओलांडायला गाडीला सुमारे ३५ सेकंद लागले पाहिजेत. पोरे 'जोरात सोडा' म्हणतील. सोडू नये. जड माल नेणारी गाडी अशीच जाते, आणि ती संथ जाताना पाहिली म्हणजेच तिच्यावरील ओझ्याची कल्पना येते.

गाडीत काय भरावे?

साइडिंगवरील गाडीत एक इंजिन, चार सपाट वाघिणी, सहा बंद वाघिणी आणि गार्डचा डबा असावा. सर्वांची मिळून लांबी सुमारे १.७ मीटर होते आणि दोन मीटरच्या साइडिंगवर ती नीट बसते. तोफांपेक्षा बंद वाघिणी अधिक का, हे प्रेक्षक विचारतील. त्यांनी विचारावे म्हणूनच त्या अधिक ठेवायच्या.

उत्तर आकड्यांत द्यावे. एका वज्र तोफेत ४८ गोळे मावतात. तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये १८ तोफा धरल्या तर एकदा भरायला ८६४ गोळे लागतात. एक गोळा सुमारे ४५ किलोचा; म्हणजे जवळजवळ ३९ टन, अंदाजे एक वाघीणभर माल. आता प्रत्येक तोफ मिनिटाला दोन गोळे टाकते असे धरा. ४८ गोळे २४ मिनिटांत संपतात. एक वाघीण अर्ध्या तासाच्या आत रिकामी. त्यात गोळे फेकणारी दारू, इंधन, पाणी, धान्य आणि औषधे अजून धरलेली नाहीत. तोफा एकदा जातात. या साध्या तपकिरी वाघिणींना रोज जावे लागते. कूटला या वाघिणी नव्हत्या. गडरा रोडला त्या चालू ठेवताना सतरा माणसे गेली.

तेव्हा शेवटची सूचना फलकांविषयी. ते मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत असावेत, अक्षर मोठे असावे आणि प्रत्येक फलकावर एकच आकडा असावा : ३.२५ मीटर, ५० ग्रॅम, ३५ सेकंद, २४ मिनिटे. बंद वाघिणींसमोरच्या फलकावर मात्र आकड्याऐवजी गडरा रोड हे नाव आणि ९ सप्टेंबर १९६५ ही तारीख लिहावी. समजावून सांगणाऱ्या विद्यार्थ्याने आपले बोलणे त्या फलकापाशी संपवावे, आणि मग पुढच्या प्रेक्षकाच्या हाती पुठ्ठ्याची चौकट द्यावी.